चिलापी, मांगूर, सकर गळाला लागले तर: काय सोडायचं, काय नाही आणि कोणत्या क्रमाने

हौशी गळकऱ्यांच्या तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. ‘पकडा आणि सोडा’ हा नियम सरसकट लावून चिलापी आणि थाई मांगूर हे बाहेरून आलेले, परके मासे पुन्हा धरणात सोडले जातात. याच्या अगदी उलट, परका समजून आपला गावठी मांगूर किंवा खाडीतला कलुंदर मारला जातो. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. ‘आपोआप मरेल’ म्हणून मासा काठावर टाकून लोक निघून जातात. मांगूर हवेतून श्वास घेतो, ओल्या गवतातून सरपटतो आणि तुम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत पाण्यात परतलेला असतो.

तिन्ही चुका होतात त्या क्रम उलटा झाल्यामुळे. मासा आधी बाहेर येतो, मग फोटो होतात आणि ओळखीचा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. तोवर देशी मासा अर्धमेला झालेला असतो आणि परका हातातून निसटलेला असतो. खालचा क्रम महाराष्ट्रातली धरणं, नद्या आणि कोकण-गोव्याच्या खाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे.

टप्पा 1: जाण्याआधी परवानगी आणि चौकशी

बहुतेक धरणांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. गळ टाकायची परवानगी संस्थेकडे मागा. त्याच वेळी दोन गोष्टी विचारून घ्या: पाण्यात कोणत्या माशांचं बीज (पिल्लं) सोडलं आहे, आणि चिलापी, मांगूर, सकर निघाल्यास संस्थेला तो हवा आहे का. उजनीसारख्या धरणात चिलापीवर अनेकांचं घर चालतं. तिथे चिलापी मारून पुरणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास मातीत घालणं.

अभयारण्यात आणि देवाच्या डोहात गळ टाकू नका. जायकवाडी आणि नांदूर मधमेश्वर ही पक्षी अभयारण्यं आहेत, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय रॉड उघडायचा नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या डोहात तर प्रश्नच येत नाही.

‘परका’ कोण हे नदीनुसार ठरतं, एवढं इथेच ध्यानात घ्या. आपला खवल्या महसीर कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला घरचा मासा. लोणावळ्यात वाढवलेली त्याची पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या वाशिंड्या महसीरावर संकट ओढवलं. कावेरीत तो पाहुणा ठरला.

टप्पा 2: पिशवीत काय हवं

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. हे काम घरी उजेडात करा, कारण पाण्याकाठी घाईत ते राहून जातं. दाबलेला गळ सुती कापडात खुपसून मागे ओढा. अडकला तर अजून दाबायला हवा.

याशिवाय हे घ्या:

- लांब टोकाची पक्कड, सहा-सात इंची.
- रबरी किंवा गाठी नसलेल्या विणीचं हातजाळं. गाठीचं नायलॉन देशी माशाचा बुळबुळीत थर खरवडतं आणि तिथे बुरशी धरते.
- साधारण 30 सेंटिमीटर लांब, अर्धा किलोच्या आसपास वजनाचा लाकडी सोटा.
- चार-पाच इंची पात्याची धारदार सुरी.
- घट्ट झाकणाची 20 लिटरची बादली. झाकण नसेल तर मांगुरासाठी तिचा उपयोग शून्य.
- जाड सुती फडकी दोन, जाड हातमोजा एक, मोजपट्टी.
- मासे ठेवायचे असतील तर बर्फ. एक किलो माशाला एक किलो बर्फ असा हिशोब धरा.

इशारा: मरळीसाठी जिवंत चिलापीचं पिल्लू आमिष म्हणून नेण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. गळावरून सुटलेलं किंवा दिवसअखेर बादलीतून ‘जीवदान’ मिळालेलं पिल्लूच नव्या तळ्यात चिलापी पोचवतं. गांडूळ, पिठाची गोळी किंवा खोटं बेडूक वापरा. जिवंत आमिष वापरायचंच असेल तर ते त्याच पाण्यातलं, तिथल्या तिथे धरलेलं आणि देशी जातीचं हवं.

टप्पा 3: मासा पाण्यातच ठेवा आणि ओळखा

मासा काठाशी आला की हातजाळ्यात घ्या, पण जाळं पाण्यातच बुडालेलं राहू द्या. या क्षणी तो देशीच आहे असं धरून चाला. हात ओले करा आणि कल्ल्यांना बोट लावू नका. ओळख पटवायला पाण्यात मिनिटभर मिळतो, काठावर तेवढी सवड नसते.

*चिलापी की कलुंदर?* हा गोंधळ कोकण-गोव्याच्या खाड्यांत होतो. दोघे एकाच कुळातले आणि आकारानेही चपटे. रंगावर जाऊ नका, पोटाखालच्या, शेपटीकडच्या परातले कडक काटे मोजा. चिलापीला तीन असतात, कलुंदरला 12-13. बोट हलकेच फिरवलं तरी फरक कळतो: चिलापीच्या परात पुढे तीन टोचे आणि मागे सगळं मऊ, कलुंदरच्या परात मात्र कंगव्यासारखी लांब रांग. कलुंदरच्या हिरवट अंगावर मोत्यासारखे पांढरे ठिपके असतात आणि बाजूच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो.

चिलापीतही जाती आहेत. शेपटीवर बारीक उभ्या रेघा असतील तर ती नाईल तिलापिया. रेघा नसतील आणि विणीच्या दिवसांतला नर काळा, गळ्याशी पांढरट असेल तर मोझांबिक, म्हणजे 1952 साली भारतात आणलेली जुनी चिलापी. दोघींचा निकाल सारखाच, त्यामुळे यात वेळ घालवू नका.

*थाई मांगूर की गावठी मांगूर?* इथे सगळ्यात सावध राहायला हवं. दोघांना मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवर शेपटीपर्यंत जाणारा लांब पर असतो. डोकं वरून बघा. कवटीचं हाड मागे पाठीकडे जिथे संपतं ती कड गावठी मांगुरात गोलसर असते, आफ्रिकन म्हणजे ‘थाई’ मांगुरात कोनदार, टोकदार. ओला अंगठा त्या कडेवरून फिरवा. थाई मांगुराच्या अंगावर बहुधा करडे-काळे संगमरवरी डाग असतात आणि डोक्याच्या खालच्या बाजूला दोन गडद पट्टे दिसतात. हातभर लांबीचा आणि कित्येक किलोंचा मांगूर असेल तर तो गावठी नाही. लहान माशात मात्र आकारावरून निकाल देऊ नका. गावठी मांगूर हल्ली दुर्मिळ झाला आहे आणि चुकून मारला जातो तो लहानच.

मिशा तशाच पण पाठीवरचा पर अगदी आखूड असेल तर ती शिंगी. देशी मासा आहे, पण बाजूच्या काट्यात विष असतं. हाताने धरू नका, पाण्यातच पक्कडीने गळ फिरवून सोडवा. काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. दुसऱ्या हाताने पाणी तपासत राहा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. सूज चढत गेली किंवा काटा आत मोडला असेल तर दवाखाना गाठा.

*सकर* ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. अंगावर हाडांच्या तकटांचं चिलखत, तोंड खालच्या बाजूला चकतीसारखं आणि पाठीवर शिडासारखा मोठा पर. मत्स्यालयाची काच साफ करायला आणलेला हाच मासा मोठा झाला की ओढ्यात सोडतात. गळाला तो क्वचितच तोंडाने लागतो, बहुतेकदा अंगात गळ रुतून येतो.

*रूपचंद* पापलेटसारखा दिसतो, पोट तांबूस. पाठीवरच्या परामागे एक छोटा मांसल पर असतो, तो पापलेटला नसतो. शिवाय पापलेट समुद्रातलं, धरणात ते येणार कुठून! दात माणसाच्या दाढांसारखे सपाट असतात आणि बोट सापडलं तर सोडत नाहीत. गळ काढायला पक्कडच वापरा.

तपासणी: एका शब्दात उत्तर देता येतं का? ‘चिलापी’, ‘थाई मांगूर’, ‘कलुंदर’, ‘मरळ’, काहीतरी एक. ‘बहुतेक’ हा शब्द आला तर पाण्यातच दोन-तीन फोटो घ्या (पर पसरलेली बाजू, वरून डोकं, खालून तोंड) आणि मासा त्याच जागी सोडा. एक चिलापी सुटल्याने धरणाचं काही बिघडत नाही. दुर्मिळ मांगुराची अंड्यावर आलेली मादी मारली तर बिघडतं.

टप्पा 4: देशी निघाला तर

गळ पाण्यातच काढा. खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस तोंडालगत कापा. फोटो हवाच असेल तर मासा दहा सेकंदांपेक्षा जास्त वर धरू नका. तुम्हीही श्वास रोखून धरा, म्हणजे वेळेचा अंदाज चुकत नाही. मोठा मासा आडवा, दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन धरायचा. जबड्याला लटकवला की मणक्यावर ताण येतो.

सोडताना वाहत्या पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करा, धरणाच्या संथ पाण्यात नुसता सरळ धरून ठेवा. पुढे-मागे हलवू नका. मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. शेपटीने स्वतः जोर लावला की हात सैल करा. एप्रिल-मेच्या दुपारी पाणी कोमट असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला महसीर तेव्हा पोहत गेलेला दिसतो आणि थोड्या वेळाने उताणा तरंगतो. त्या दिवसांत पहाटेच गळ टाका.

*मधली गोष्ट:* सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) परदेशी आहेत, पण संस्था त्यांचं बीज मुद्दाम सोडते. रोहू, मृगळ गंगेकडचे, तरी धरणात संस्थेचेच. हे मासे मारायचे, ठेवायचे की सोडायचे हे परवानगी देताना संस्था सांगेल तसं. त्यात आपलं पर्यावरणाचं शहाणपण चालवू नका.

टप्पा 5: परका निघाला तर आधी पाण्यापासून लांब

ओळख पटली की जाळ्यासकट मासा उचला आणि काठापासून 10-15 पावलं मागे या. गळ तिथे काढा, काठावर नाही.

यामागे चिलापीची एक खोड आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात वाढवते. घाबरली की सगळी बाहेर टाकते. काठावर गळ काढताना हे झालं तर एक मासा मारून शेकडो पिल्लं पाण्यात सोडल्यासारखं होतं. तोंडात पिल्लं असलेली मादी सहसा खात नाही, म्हणून तोंडाने गळाला लागत नाही. ती अंगात गळ रुतून किंवा पाग (फेकून टाकायचं जाळं) टाकल्यावर येते. त्यामुळे अंगात गळ रुतलेली चिलापी आली की खाली फडकं अंथरा, पक्कडीने जबडा उघडा आणि आत बघा. मोहरीपेक्षा जराशी मोठी पिवळी अंडी किंवा डोळे फुटलेली पिल्लं दिसतील. ती फडक्यातच गोळा करा आणि माशाबरोबर पुरा. जाळंही तिथेच, कोरड्यात झटका.

धरायची रीत प्रत्येकाची वेगळी:

चिलापीच्या पाठीवरचे काटे उभे असतात. डोक्याकडून शेपटीकडे तळहात सरकवत ते खाली दाबा आणि मग मूठ आवळा. उलटा हात फिरवला की तळवा फाटलाच म्हणून समजा.

मांगुराच्या बाजूच्या परांत करवतीसारखे काटे असतात, ते बाहेर ताठ करून तो अडकवून ठेवतो. ओल्या फडक्यातून वरून धरा, बोटं काट्यांच्या मागे राहतील अशी. अंग पिळवटून तो काटा मारतो, त्यामुळे शेपटीकडून धरू नका.

सकरला हातमोजा लागतोच. बाजूचे काटे ताठ झाले की जाळ्यात असे गुंततात की शेवटी जाळं कापावं लागतं. त्याला जाळ्यात लोळू न देता लगेच फडक्यात घ्या.

इशारा: मासा परका असला तरी हाल करायची मुभा मिळत नाही. काठावर तडफडत ठेवणं, पोत्यात कोंबणं, जिवंतपणी बर्फात टाकणं, सगळं टाळा. मांगूर बर्फात आणि ओल्या गोणपाटात कित्येक तास जिवंत राहतो. ‘मेला’ म्हणून घरी नेलेला मांगूर मोरीत टाकल्यावर वळवळायला लागतो, मग कुणाला तरी दया येते आणि तो विहिरीत जातो.

टप्पा 6: झटपट मारणं

यात दोन क्रिया आहेत आणि दोन्ही लागोपाठ व्हायला हव्यात.

पहिली, शुद्ध घालवणं. मासा फडक्यावर, कडक जमिनीवर पोटावर ठेवा. वाळूत किंवा गवतात ठेवला तर जोर जमिनीत मुरतो. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला सोट्याचा एक जोरदार घाव घाला. हात आखडू नका. अर्ध्या जोराचे चार घाव घालण्यात क्रौर्य जास्त आहे. मांगुराची कवटी जाड असते, तिथे हलका सोटा चालत नाही. सकरलाही चिलखतामुळे घाव डोळ्यांच्या मधोमध, वरून आणि पूर्ण ताकदीने हवा.

दुसरी, लगेच रक्त काढणं. कल्ल्याचं झाकण उचलून आतल्या लाल कमानी दोन्ही बाजूंनी सुरीने कापा. मांगूर आणि सकर यांच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका, डोक्यामागे मणकाही छेदा. सकर उताणा करून खालच्या मऊ बाजूने सुरी घातली की काम सोपं होतं. रक्त बादलीत पडू द्या, तलावात नको.

तपासणी: मासा डावीकडे-उजवीकडे कुशीवर कलता करा. जिवंत माशाचा डोळा खोबणीत फिरतो, समतोल राहायचा प्रयत्न करतो. मेलेल्याचा डोळा डोक्याबरोबर नुसता कलतो. कल्ल्यांची उघडझाप थांबलेली हवी. डोळा फिरला तर लगेच दुसरा घाव. अंगाला अधूनमधून येणारे झटके मेल्यानंतरही येतात, त्यावरून घाबरू नका आणि त्यावरून निष्कर्षही काढू नका.

टप्पा 7: मेलेल्या माशाचं काय

चांगल्या पाण्यातली चिलापी खायला उत्तम. पोट साफ करून आतला काळा पडदा खरवडून काढा, चिखलाचा वास बराचसा त्यातच असतो. मग बर्फात.

सांडपाण्याखालच्या पट्ट्यातला मासा खाऊ नका. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत उतरतं. पुण्याखालच्या त्या नदीत मांगूर मजेत राहतो हे खरं, पण जे खाऊन तो वाढलाय ते आपल्या ताटात नको. थाई मांगुराच्या पैदाशीवर आणि संगोपनावर केंद्र सरकारने 2000 सालीच बंदी घातली आहे, तेव्हा तो विकायला किंवा ‘शेततळ्यात टाकतो’ म्हणणाऱ्याला द्यायलाही नको.

खायचा नसेल तर पुरा. खड्डा निदान दोन फूट खोल, पुराच्या रेषेच्या वर. उथळ पुरलेला मासा रात्रीत कुत्री उकरतात आणि दुसऱ्या दिवशी गावकरी गळकऱ्यांना येऊ देत नाहीत. मेलेला मासा पाण्यात फेकू नका आणि झुडपात टाकून वास सुटू देऊ नका.

परका मासा जिवंत कुठेही न्यायचा नाही: ना विहिरीत, ना शेततळ्यात, ना मुलांना दाखवायला घरी.

टप्पा 8: नोंद

एखाद्या पाण्यात सकर, थाई मांगूर किंवा मत्स्यालयातला विचित्र मासा पहिल्यांदा दिसला तर फोटो, तारीख, लांबी आणि जागा लिहून संस्थेला आणि जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला कळवा. फोटोत मोजपट्टी ठेवा आणि पर पसरलेले असू द्या. हातात मासा धरून हसतानाच्या फोटोवरून जात ओळखता येत नाही, बोटांखाली नेमके काटे झाकले जातात.

टप्पा 9: निघण्याआधी सामान

जाळं उलटं करून झटका. जलपर्णीचे तुकडे, शेवाळ, चिखल तिथेच काढा, मांगुराची चिकट अंडी अशाच पाणवनस्पतींना लागलेली असतात. बादलीतलं पाणी गटारात किंवा दुसऱ्या ओढ्यात न ओतता कोरड्या जमिनीवर ओता. घरी जाळं, बूट आणि बादली धुऊन कडक उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवा. पावसाळ्यात दोन दिवसांत काहीच वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत एका पाण्यासाठी एक जाळं असा हिशोब ठेवा किंवा दुसऱ्या धरणावर जायचा बेत आठवडाभर पुढे ढकला. बुटाच्या तळव्याच्या खाचा आणि जाळ्याच्या कडीजवळची शिवण या दोन जागी ओल सगळ्यात जास्त टिकते. हात लावून पाहा आणि मगच सामान गाडीत टाका.